बकरीसर आणि नसलेले झाड

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्या माणसाला आम्ही बकरी म्हणत असू. कागदोपत्री ते प्राध्यापक चिंतामणराव दाणी, नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख. पण 'प्रमुख' हा शब्द त्यांच्या अंगाला बसत नसे, त्यांचा कोटही बसत नसे. बकरी हे नाव मात्र माप घेऊन शिवल्यासारखे बसले होते. दिसेल त्या झाडाचे पान सर तोंडात घालीत. डोळे मिटून चावीत, एका गालातून दुसऱ्या गालात सरकवीत आणि थुंकून निकाल देत, "तुरट. मागून कडू. वास आंब्याच्या कोयीचा." हे सगळे भर वर्गात, भिंतीवरच्या दाढीवाल्या गोऱ्या शास्त्रज्ञांच्या तसबिरींसमोर चाले. सरांची स्वतःची दाढीही हनुवटीच्या टोकालाच तेवढी उगवे. नाव ठेवणाऱ्याला फार डोके चालवावे लागले नसणार.

सरांना ते नाव माहीत होते. एकदा कोणीतरी फळ्यावर बकरीचे चित्र काढून ठेवले. सर आले, चित्र न्याहाळले आणि म्हणाले, "कान चुकले गा. अन् बकरी काढली तर तिच्या तोंडात काही पाहिजे की नाही?" मग खडूने त्यांनी बकरीच्या तोंडात एक फांदी दिली, तिची पाने समोरासमोर काढली आणि "ही फांदी कोण्या झाडाची असू शकत नाही ते सांगा" असे म्हणून तिथूनच पाठ सुरू केला. चित्र काढणारा मुलगा वही उघडून निमूट लिहू लागला. पुन्हा कोणी फळ्याला हात लावला नाही. मजाच गेली होती.

मी उमरेडचा. घरात हातमाग. वडील आणि काका लुगडी विणत, आई कांड्या भरी. घराण्यात मॅट्रिक झालेला पहिला मीच, त्यामुळे पुढे काय घ्यावे हे सांगणारे कोणी नव्हते. वनस्पतिशास्त्र घेतले, कारण प्रवेशाच्या दिवशी सगळ्यांत लहान रांग तिथे होती. पहिल्याच आठवड्यात सरांनी एक पान उंच धरून विचारले आणि मी उभा राहून म्हणालो, "सर, हे मले माहीत आहे. आमच्या इकडे याले धावडा म्हणतात." मागच्या बाकांवर सिव्हिल लाइन्सची मुले बसत. तिकडून हसू फुटले. सर त्यांच्याकडे वळले. "काहून हसून राहिले? यानं नाव सांगितलं, तुम्ही दात दाखवले. दातांचा अभ्यास प्राणिशास्त्रात, पलीकडच्या इमारतीत." त्यानंतर ते माझ्याशी कायम आमच्याच बोलीत बोलत. प्राचार्य जवळ असले की मुद्दाम, आणि जरा मोठ्याने.

आम्हीही पाने चावावीत असा त्यांचा हट्ट होता. "नाकानं, जिभेनं झाड पाहा. डोळे सगळ्यांत लबाड," असे ते म्हणत. एकदा त्यांनी रानसुरणाचे पान चावले आणि जीभ एवढी सुजली की पुढचा तास त्यांना खाणाखुणांनी घ्यावा लागला. वर्गात इतकी शांतता कधी नव्हती. जीभ उतरल्यावर म्हणाले, "माझा आजवरचा सर्वांत चांगला तास. प्राचार्यांना एक पान भेट द्यावं म्हणतो."

नागपूरच्या महाल भागातल्या घरी त्यांचे राज्य चाले ते वर्तमानपत्रांवर. पेपर येताच सर त्याची घडी मोडीत आणि त्यात फांद्या दाबून वर पाटा ठेवीत. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पेपर हाती लागे तो फांदी वाळल्यावर. मी गेलो की काकू चहा देता देता तक्रार मांडीत. "वासुदेवा, जगात काय चाललं ते मले सहा महिन्यांनी समजते. राज्यघटना आली ती बातमी मी पळसाच्या फुलाखालून वाचली. अर्धी कलमं तर रसानं पिवळी झाली होती." सर आतून ओरडत, "पिवळी झाली तरी लागू आहेत!"

अशा माणसाला आयुष्यात एकच हाव होती. एक नवे झाड सापडावे. गवत नको, वेल नको, झाड पाहिजे. "साहेबानं सगळी झाडं आधीच नोंदवून ठेवली," ते म्हणत. "घोड्यावर बसून आला, खाली उतरला नाही, अन् तरी सगळं घेऊन गेला. आमच्यासाठी काय ठेवलं? शेवाळ." निवृत्ती जवळ येत होती. ते चेष्टेत बोलत, पण रानात एखादे अनोळखी खोड दिसले की त्यांची चाल बदले. वयाने साठीला टेकलेला माणूस लग्नघराकडे निघालेल्या पोरासारखा भराभरा चालू लागे.

आमच्या बाजूची राने कोरडी. उन्हाळा लागण्याआधीच झाडे पाने टाकतात आणि कित्येक झाडांना फुले येतात ती अशा उघड्या अंगावर. म्हणून एकाच झाडाकडे दोनदा जावे लागते, होळीच्या सुमारास फुलांसाठी आणि पाऊस पडल्यावर पानांसाठी. मधल्या काळात झाड चुकू नये म्हणून सर त्याच्या बुंध्याला तारेने पत्र्याची चकती बांधीत. याबाबत ते फार कडक. "फूल अन् पान एकाच झाडाचं पाहिजे. नाही तर ते शास्त्र नाही, लग्न जुळवणं आहे."

मी एम्. एस्सी.ला असताना आम्ही छोट्या रेल्वेने उमरेडला गेलो. पलीकडच्या टेकडीवर मोईची झाडे फुलली होती. मोई हे काही अप्रूप नव्हे. शेताच्या कुंपणाला मोईचे खुंट सगळेच रोवतात आणि ते जगतात. पण एका झाडाचे तुरे सरांना जरा जास्त तांबूस वाटले. त्यांनी फुले घेतली, चकती बांधली आणि विषय संपला. दुपारी आमच्या घरी आलो. आई अवघडून दाराआड उभी. ब्राह्मणाचा प्रोफेसर आपल्याकडे जेवेल की नाही, या विचाराने तिने पानच मांडले नव्हते. सरांनी स्वतः पाट ओढला. "बाई, मी रानातलं वाटेल ते चावतो अन् तुमची भाकर सोडीन काय? वाढा." चावण्याबद्दलचा खुलासा मला आईला नंतर करावा लागला.

पावसाळ्यात पुन्हा गेलो. ते झाड कोणीतरी कुंपणासाठी तोडून नेले होते. चकती मात्र खुंटाच्या बुडाशी तारेला लटकत होती आणि तिच्याभोवती छातीएवढे धुमारे फुटले होते. धुमाऱ्यांची पाने पाहून सर ओल्या मातीत मटकन बसले.

मोईचे पान संयुक्त असते, एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या. इथे पाने सुटी, एकेकटी, तळहाताएवढी रुंद, खालून केसाळ. मोईची फुले आणि अशी पाने! असे झाड कोणत्याही ग्रंथात नव्हते.

"वासू," सर हळूच म्हणाले, "चकती आपलीच आहे ना गा?"

"आपलीच आहे सर."

त्यांनी पान चावले. बराच वेळ चावले. "चारोळीच्या पानासारखं लागते," म्हणाले. मग कपाळावरचे पाणी पुसले आणि स्वतःच निकाल फिरवला. "लागणारच. मोई अन् चारोळीचा चार, दोन्ही एकाच घराण्यातले. हा मधला सोयरा आहे. आजवर लपून बसला होता!" आणि त्या चिखलात, छत्री उलटी धरून, ते चक्क नाचले.

पुढचे काही महिने कॉलेजला झाडाचेच वारे. सरांनी चित्रे काढली, मी मोजमापे घेतली. नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये द्यावे लागते. ते तपासायला सर मिशनच्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी विचारले, हे प्रार्थनेसाठी आहे का? सर म्हणाले, "नाही बाबा, बारशासाठी." प्राचार्यांनी सरांना खोलीत बोलावून चहा पाजला, ही घटना नव्या झाडापेक्षाही दुर्मिळ. म्हणाले, "दाणी, नाव कोणाचं द्यायचं हा विचार केलाच असेल." सर म्हणाले, "केला होता साहेब. पण झाड फारच बुटकं आहे. तुमच्यासाठी सागवान पाहू." प्राचार्य उंचीने बेताचे होते.

नाव त्यांनी आमच्या उमरेडचे दिले. आणि लेखावर आपल्या नावाखाली माझे नाव घातले. मी नको म्हणालो तर खेकसले, "मोजमापं काय तुझ्या भुतानं घेतली?" त्यांच्या मनात काय होते ते मला नंतर कळले. एका मोठ्या सरकारी वनस्पतिसंग्रहालयात संशोधनाची शिष्यवृत्ती निघाली होती. त्यासाठी छापील काम लागे. हा लेख आला की जागा माझी, असे तिथल्या साहेबांनी सरांना जवळजवळ कबूल केले होते. घरी हे समजल्यावर वडील माग थांबवून गल्लीत सांगत सुटले की पोराचे नाव आता झाडाच्या पुस्तकात येणार. मासिकाने लेख घेतला. प्राचार्यांनी, नाव गेले तरी निदान अध्यक्षपद तरी मिळावे म्हणून, सत्कार ठरवला.

सत्काराच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा टेकडीवर होतो. लेखात फळाचे वर्णन नव्हते. फळ मिळाले तर छपाईआधी घालता येईल, एवढेच निमित्त. फळ नव्हतेच. सर म्हणाले, आलोच आहोत तर बुंध्याची साल घेऊ. ते खुरप्याने माती बाजूला करू लागले आणि एकदम थांबले. मग दुसऱ्या बाजूने उकरले. मग त्यांनी एकीकडे एक आणि दुसरीकडे एक अशी साल छिलली. एक आतून लाल निघाली. दुसरी निघाली नाही.

सर हसू लागले. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी खुरपे टाकून, डोळ्यांतून पाणी येईतोवर. मला वाटले ऊन लागले.

"वासू, ये गा, पाहा. हे एक झाड नाही. दोन आहेत. एकाला एक चिकटून. लाल सालीची ही मोई. फुलं हिची. हिले तोडून कुंपणाले नेलं. अन् हा शेजारी चाराचा जुना खुंट, गवतात दडलेला. पानं याची. तोडलेल्या खुंटाले फुटलेली पानं मोठी असतात, केसाळ असतात, हे दर वर्षी कोण शिकवते?"

"तुम्ही, सर."

"मी! अन् मोईलेही धुमारे फुटले असतील ना? मंग ते कोठी गेले?" त्यांनी लाल बुंध्यावर बोट ठेवले. तिथे अगदी मुळाशी कुरतडलेले कोंब होते, एकावर एक वाळलेले. "खाल्ले. बकऱ्यांनी खाल्ले! मोईचा पाला त्यांले गोड लागते, चाराचा चामट, तो ठेवून दिला. अरे, माझ्याच भाऊबंदांनी माझा घात केला!"

परतीच्या गाडीत मात्र हसू संपले होते. बाहेर माळावरून धूळ उडत होती. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गप्प बसलो तर मी मरेपर्यंत कोणाले समजणार नाही. तुझी जागा होऊन जाईल."

माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली होती.

"पण एक दिवस एखादं पोरगं येईल," सर म्हणाले, "चकती पाहील, अन् माती उकरंल. त्यानं मले गाढव म्हणण्यापेक्षा मीच म्हणून घेतो. मान माझा आहे. यात नुकसान तुझं आहे, वासू. ते मले भरून देता येत नाही." स्टेशनवरून ते तडक तारघरात गेले. तार एवढीच होती, की छापू नका, झाड नाही.

सत्कार रद्द करा असे मी म्हटले. सर म्हणाले, "चिवडा सांगितला आहे ना? मंग?" दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. प्राचार्यांनी झाडाच्या, कॉलेजच्या आणि मुख्यतः स्वतःच्या दूरदृष्टीचा गौरव केला. सर उठले, हार काढून टेबलावर ठेवला.

"मंडळी, ज्या झाडासाठी हा हार आहे ते झाड नाही. डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं असं फक्त एका ठिकाणी चालतं. तिथे आपण दूर्वा वाहतो. इथे मी लॅटिन वाहिलं. फुलं मोईची, पानं चारोळीची. माझ्या जिभेनं मला रानातच खरं सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं, कारण मला झाड पाहिजे होतं. चूक माझी आहे. माझ्या विद्यार्थ्यानं मोजमापं बरोबर घेतली होती. दोन्ही झाडांची."

आधी लोक हसले, त्यांना ती नेहमीची गंमत वाटली. मग कुजबुज झाली. प्राचार्यांचा चेहरा रानसुरण खाल्ल्यासारखा झाला. चिवडा सगळ्यांनी खाल्ला, पण सरांच्या बाजूला कोणी उभे राहिले नाही. फक्त काकू होत्या. त्या म्हणाल्या, "चला घरी. आजच्या पेपरात तुमच्या झाडाची बातमी आहे, तो मी लपवून ठेवला आहे." सरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच काकूंकडे पाहून मान खाली घातली.

शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली. मी घरी जाऊन वडिलांना सगळे सांगितले. ते मागावरच होते. हात न थांबवता म्हणाले, "चुकलेलं उसवलं ना? बरं केलं. तसंच बाजारात गेलं असतं तर लोकांनी तुमच्याच नावानं नेसलं असतं." गल्लीत त्यांनी काय सांगितले ते मी विचारले नाही.

सरांना मुदतवाढ मिळाली नाही. उरलेल्या वर्षात त्यांनी तो कागद, मोईची फुले आणि चाराची पाने शेजारी शेजारी चिकटवलेला, चौकट करून वर्गात टांगला, दाढीवाल्या तसबिरींच्या रांगेत. नव्या मुलांचा पहिला तास त्यापासून सुरू होई. "हे पाहा. याले म्हणतात इच्छा. हिच्यात पान कोणतं, फूल कोणतं, ते ओळखा." दुसऱ्या कॉलेजची माणसे भेटली की "काय दाणी, जोडझाड कसं आहे?" म्हणून टोमणा मारीत. सर म्हणत, "संसार करून राहिलं. तुमचं कसं आहे?"

मला चांदा जिल्ह्यात एका शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी लागली. राज्याची फेरमांडणी झाली, नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या हलल्या आणि त्याच सुमारास सरही जबलपूरला मुलीकडे राहायला निघाले. मी भेटायला गेलो. घरातले सामान अर्धे बांधून झाले होते, काकू पेट्यांवर बसून जुने पेपर वाचत होत्या. मी वाकलो तर सर मागे सरले. "माझे पाय काहून पाहतो? झाडाचं बूड पाहत जा." आणि कुलूप शोधायला आत गेले. ते पुन्हा बाहेर येईपर्यंत माझी गाडीची वेळ झाली होती.

शाळेला सुटी असली की मी रानात जात असे. वैनगंगेच्या अलीकडे एका खडकाळ उतारावर मला एक झाड दिसले. ते कुठल्याच वर्णनात बसेना. मी त्याची फुले पाहिली, पाने पाहिली, फळे पाहिली. दर वेळी आधी बूड उकरले. मुले म्हणत मास्तर गुप्तधन शोधतात. ज्या संग्रहालयात मला जागा मिळायची होती तिथेच मी ते सगळे पाठवले आणि वाट पाहिली. उत्तर आले त्याच आठवड्यात मी जबलपूरला लिहिले.

"गुरुवर्य सरांना शिरसाष्टांग नमस्कार.

संग्रहालयाचे उत्तर आले. झाड नवीन आहे. कोण्या शाळामास्तराचे काम म्हणून त्यांनी मला आधी भरपूर पिडले. फुले आणि पाने एकाच झाडाची कशावरून, असे पुन्हा पुन्हा विचारले. शेवटी विचारले, शिकलात कोणाच्या हाताखाली? मी तुमचे नाव कळवले. उलट टपाली प्रश्न आला की ज्यांनी आपलेच झाड तार करून परत मागवले, ते दाणी काय? मी हो लिहिले. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारलेला नाही. तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात की माझे नुकसान तुम्हाला भरून देता येत नाही. सर, ते भरून आले.

झाडाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. खोड वाकडे, अंग खरबरीत. लाकूड जाळले तर धूर फार करते, म्हणून सरपणवाले त्याच्या वाटेला जात नाहीत आणि म्हणूनच ते आजवर जगले. उन्हाळ्यात मेल्यासारखे दिसते, पण मेलेले नसते. काकूंना वाचून दाखवा. वर्णन ओळखीचे वाटते असे त्या म्हणतील.

आता नावाचे. तुम्ही नाहीच म्हणणार हे मला माहीत आहे. गावाचे द्या म्हणाल, नदीचे द्या म्हणाल, चिडलात तर प्राचार्यांचे द्या म्हणाल. म्हणून मी तुम्हाला विचारले नाही. तुमच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून कागद परवाच छापायला पाठवला आणि हे पत्र मुद्दाम आज लिहितो आहे. सर, या वेळी तार करू नका. झाड आहे.

आपला, एरवी आज्ञाधारक,
वासुदेव"